आमची मंडळी : वास्कोतल्या एका बॅप्टिस्ट जोडप्याचं प्रकरण

उपनिबंधकाच्या कचेरीत पास्टर चौघांना घेऊन गेले होते. तीन डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, आणि खजिनदार म्हणून मी. हातात बक्षीसपत्राचा मसुदा होता. वकिलाची फी वाचवावी म्हणून बेळगावकडच्या एका मंडळीने केलेला कागद आम्ही जवळजवळ तसाच उतरवून घेतला होता. तळमजल्यावरचा उपासनेचा हॉल पास्टरांच्या नावावरून मंडळीच्या नावावर करायचा, एवढंच काम. कारकुनाने कागद उलटसुलट केला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "घरकान्न खंय आसा? तिची सय जाय." म्हणजे बायको कुठे आहे, तिची सही हवी.

पास्टर आमच्याकडे हात करून म्हणाले, "आमची मंडळी आलीय की सगळी."

कारकून हसला. "ही मंडळी न्हय. घरची."

जुन्या मराठीत बायकोला 'आमची मंडळी' म्हणायची रीत आहे आणि ख्रिस्ती मराठीत 'मंडळी' म्हणजे चर्च. पन्नासेक वर्षं पास्टरांच्या तोंडी हा शब्द दोन्ही अर्थांनी होता. "आमच्या मंडळींना विचारून सांगतो" असं ते म्हणाले की नवख्या माणसाला कळायचं नाही, हे घरात विचारणार की सभेत. खरं तर ते दोन्हीकडे फारसं विचारत नसत. त्या दिवशी आम्ही पाचही जण तसेच परत आलो. पुढे दीड वर्ष जे चाललं, ते हे प्रकरण. नावं आणि वाडा देऊ नये ही दोघांचीही अट होती. मी त्यांना पास्टर आणि सिस्टरबाई म्हणतो, कारण सगळेच तसं म्हणतात.

दोघं कुठून आली

पास्टर मूळचे डिचोली तालुक्यातले. घरात बोली कोंकणी, पण आरती, भजन, पोथी, वहीतला हिशेब सगळं मराठीत. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांतल्या, हिंदू घरांत हे आजही असंच आहे, आणि हे ध्यानात घेतलं नाही तर गोव्यात बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची मराठी मंडळी कशासाठी, हा प्रश्न पडतो. इथे ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक, आणि कॅथलिकाची प्रार्थना रोमी लिपीतल्या कोंकणीत, असा साधारण हिशेब. २०११च्या जनगणनेत गोव्यातले पंचवीस टक्के लोक ख्रिस्ती होते, त्यांतले जवळजवळ सगळे कॅथलिक. पण फादर स्टीफन्सने १६१६ साली इथेच जे 'ख्रिस्तपुराण' छापलं, ते मराठी ओव्यांत, अकरा हजारांच्या आसपास. पास्टर हे वाक्य प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात, त्यालाही काही वर्षं झाली.

मुरगाव बंदरात ते टॅली क्लार्क होते. बार्जमधून येणारं लोहखनिज जहाजात चढताना मोजायचं. तिथला तेलुगू फोरमन बॅप्टिस्ट होता. आंध्रातल्या ओंगोलकडचा. त्याच्या आजोबांच्या पिढीत, ३ जुलै १८७८ला, एका दिवसात २,२२२ जणांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला गेला होता, आणि तो आकडा फोरमन स्वतः मोजल्यासारखा सांगायचा. त्याने पास्टरांना मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आणून दिला. तेलुगू माणसाने कोंकणी माणसाला मराठी पुस्तक! त्याला बंदराचीच हवा लागते.

बाप्तिस्मा झाल्यावर गावात 'बाटलो' हाच शब्द होता. त्याला इतिहास आहे. १५६०पासून १८१२पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. देवळं पाडल्याच्या, मूर्ती रातोरात नदीपलीकडे नेल्याच्या गोष्टी डिचोली-फोंड्याच्या घराघरांत आहेत, कारण मूर्ती तिकडेच आल्या. अशा घरातल्या मुलाने ख्रिस्ती व्हायचं म्हणजे बापाच्या लेखी पोर्तुगीज जाऊन आठ वर्षं होत नाहीत तोच पोराने त्यांचं राहिलेलं काम पुरं केलं. बॅप्टिस्ट हे स्वतःच छळाने पळालेले लोक, त्यांच्यातल्या थॉमस हेल्विसने १६१२ साली इंग्लंडच्या राजालाच लिहिलं की माणसाच्या धर्मावर राजाची सत्ता नाही, आणि तो तुरुंगात मेला, हे सगळं बापाला कोण सांगणार? बापाने बोलणं टाकलं. आईने टाकलं नाही. चवथीला पास्टर घरी जायचे, पडवीत बसायचे. आई नैवेद्याला तळण्याआधी चार नेवऱ्या वेगळ्या तळून ठेवायची, म्हणजे देवाला दाखवलेलं खायचा पेच पोराला पडू नये. धर्मशास्त्राचा इतका नेमका तोडगा मी पुढे कुठल्या बायबल कॉलेजात ऐकला नाही.

सिस्टरबाई मिरजेच्या. वॉनलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या, वडील नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले पाळक. म्हणजे त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच कपाळावर पाणी शिंपडून झालेला. बॅप्टिस्टांच्या लेखी तो बाप्तिस्माच नव्हे. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण बुडवून. लग्न ठरलं तेव्हा पास्टरांनी हे सांगितलं आणि सासऱ्यांनी एकच विचारलं, "मग मी इतकी वर्षं देतोय ते काय आहे?"

हा वाद त्या दोन घरांपुरता नव्हता. फेब्रुवारी १८१२मध्ये अमेरिकेतून काही तरुण मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले. त्यांत अदोनिराम आणि अ‍ॅन जडसन हे नवं जोडपं होतं, आणि अदोनिराम जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत आला. अ‍ॅनने आधी बजावलं होतं की तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात दोघांनीही बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे दोघं ब्रह्मदेशात गेली. त्यांच्याच सोबत्यांपैकी हॉल आणि नॉट १८१३ला मुंबईस आले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, नगरची मंडळी उभी राहिली, सिस्टरबाईंचं घराणं उभं राहिलं. एकाच चमूच्या दोन वाटा दीडशे वर्षांनी वास्कोत एका खोलीत आल्या, आणि पुन्हा तोच प्रश्न : बायको पाण्यात उतरणार का?

त्या उतरल्या. तेलुगू मंडळीच्या एका फिरत्या पाळकाने बोगमाळोच्या किनाऱ्यावर त्यांना बाप्तिस्मा दिला. वडील आले नाहीत. तारीख कुणी लिहून ठेवली नाही, आणि या प्रकरणाची खरी गाठ तिथेच आहे.

लग्न मात्र नीट नोंदलं गेलं. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढे सह्या केल्याखेरीज लग्न कायद्याने लग्नच नाही. कॅथलिकांना त्यात चर्चमार्फत थोडी सवलत आहे, बॅप्टिस्टांना नाही. आधी इरादा नोंदवायचा, मग काही दिवसांनी पुन्हा जाऊन सह्या. करारबिरार काही केला नव्हता. न केल्याचा अर्थ पन्नास वर्षांनी कळला.

मंडळी कशी वाढली

सुरुवात भाड्याच्या खोलीत. बंदर, रेल्वे, गोदी आणि सांकवाळचा खत कारखाना यांच्यामुळे वास्कोत चहूकडून माणसं आली होती. सावंतवाडी, चंदगड, बेळगाव, सोलापूर. पास्टर रविवारी प्रवचन करायचे, वडिलांकडून आलेली पेटी वाजवायचे, आणि रेव्हरंड टिळकांची गीतं भजनी चालीत म्हणायचे. शेजारचे हिंदू लोक चाल ऐकायला दारात उभे राहायचे. पण दाराच्या आत कोण यायचं? मी जुन्या लोकांना एकेक करून विचारलं. बहुतेकांनी आधी पास्टरांचं नाव घेतलं, नि गोष्ट सांगायला लागल्यावर मात्र ती सिस्टरबाईंपाशी गेली. वास्कोच्या बायणा वस्तीत मूल तापलं होतं, त्या ड्यूटीवरून येताना थांबल्या. सासू जखम दाखवायला लाजत होती, त्या रोज मलमपट्टी करून गेल्या. गुरुवारी दुपारच्या बायकांच्या सभेत त्या नव्या करारावरूनच अक्षरओळख शिकवायच्या. त्यामुळे इथल्या चार-पाच आज्या आजही नव्या करारातलं 'मार्क' सोडून दुसरं कुठलंही पुस्तक वाचायला घाबरतात.

आणि पैसा. काही वर्षांनी पास्टरांनी बंदराची नोकरी सोडली, पूर्णवेळ सेवेत आले. विश्वासाने पाऊल टाकलं, असं साक्षीत सांगतात. ते पाऊल सिस्टरबाईंच्या पगारावर पडलं होतं. प्रेषित पौलाबरोबर तंबू शिवणारं अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं नव्या करारात सहा वेळा येतं, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी बायकोचं नाव आधी आहे. 'त्यांच्या घरी जी मंडळी आहे' असंही पौल लिहितो. पास्टरांनी या जोडप्यावर अनेकदा प्रवचन केलंय. नावांच्या क्रमावर एकदाही नाही.

बाप्तिस्मे भरतीची वेळ बघून ठरत. जून ते ऑगस्ट दर्याकडे कुणी बघतही नाही, म्हणून उमेदवारांना नारळी पुनवेपर्यंत थांबावं लागायचं. खाडीत ओहोटीला कंबरभर चिखल, तेव्हा भरती सकाळी असेल तो रविवार धरायचा. एका उत्साही डीकनने कुंभारजुवेचा कालवा सुचवला होता. तिथे मगरी आहेत. ही सूचना इतिवृत्तात आहे. बाप्तिस्म्यांची नोंद असलेली वही दोनशे पानी आहे आणि अर्धीही भरलेली नाही. ओंगोलच्या फोरमनने ती पाहिली असती तर काय म्हणाला असता, हा विचार पास्टरांना छळायचा, असं मला वाटतं. बाहेरच्या लोकांना ते आकडा सांगायचं टाळत.

दुसरी मंडळी सांखळीला, खाणपट्ट्यात. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले. तिथलं अर्पण पावसाळ्यात दरवर्षीच आटायचं, कारण खाणी तेव्हा थंड असतात. ऑक्टोबरनंतर पुन्हा भरायचं. त्यामुळे २०१२च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा हिशेबाच्या वहीवरून मला काही वेगळं कळलंच नाही. पावसाळा लांबला होता, एवढंच. डिसेंबरात कळलं. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालू. पास्टरांनी विश्वासावर लागोपाठ तीन प्रवचनं केली. सिस्टरबाईंनी कुणाच्या मुलांची फी भरायची राहिलीय याची यादी केली. मधे खाणी थोड्या सुरू झाल्या, मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या, आणि तोवर सांखळीत दोन कुटुंबं उरली होती. तरीही आमच्या अहवालात पुढे कितीतरी वर्षं 'तीन मंडळ्या' असंच छापलं जात होतं. मी खजिनदार होतो, मीही सही करत होतो.

तिसरी वाळपईकडची. ती उत्तम चालली आहे. तिथला तरुण पाळक कोंकणीत बोलतो, मराठीतून वाचतो, आणि पास्टरांचं फारसं ऐकत नाही. बॅप्टिस्ट व्यवस्थेप्रमाणे हे बरोबरच आहे. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर बिशप नाही, पाळक नेमायचा-काढायचा तो सभासदांनी मतदानाने. कागदावर हे सगळं आमच्याकडेही होतं. पण ज्याने मंडळी लावली, ज्याच्या घरात ती बसते, ज्याने तुमचा बाप्तिस्मा केला, त्याच्या विरुद्ध हात कोण वर करतो?

अर्धा हॉल

घर पास्टरांच्या नावावर होतं. प्लॉटला त्यांचा प्रॉव्हिडंट फंड आणि सिस्टरबाईंची बचत गेली, हॉलच्या स्लॅबला मंडळीचं अर्पण. कुणाचं किती, याची एकही पावती नाही. पास्टर ऐंशीच्या घरात आले तसे डीकनांना घोर लागला. उद्या काही झालं तर हॉल वारसांत वाटला जाईल. मुलगा पुण्यात, मुलगी मडगावात. मुलाला उपासनेत रस नाही, घरात आहे.

शेवटी वकील केलाच. त्यांनी समजावलं ते असं. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा, कागदावर नाव कुणाचंही असो. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता किंवा देऊन टाकता येत नाही. शिवाय आपल्या वाट्यातलंही निम्मंच माणूस मर्जीने देऊ शकतो. उरलेलं निम्मं मुलांसाठी राखीव.

मी पाठीमागे हिशेब केला. पास्टरांचा वाटा घराचा अर्धा. त्यातला अर्धा देता येणार, म्हणजे पाव घर. हॉल तळमजल्यावर, म्हणजे अर्धं घर. पास्टरांच्या एकट्याच्या सहीने मंडळीला अर्धा हॉल मिळत होता. खिडक्यांकडचा की वेदीकडचा, असा विनोद एका डीकनने केला आणि कुणी हसलं नाही. सिस्टरबाईंनीही दिलं तरच पुरा हॉल.

सगळे वर गेले. सिस्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अर्धं माझं होतं?" पास्टर म्हणाले, "अगं, सगळं प्रभूचं." त्या म्हणाल्या, "ते आहेच हो. मी प्रभूचं विचारत नाहीय."

मुलाची समजूत मुलीने काढली. ते वेगळं प्रकरण होईल, इथे सोडतो. सिस्टरबाईंची अट एकच होती : दोघांपैकी जो मागे राहील त्याला मरेपर्यंत वरचा मजला आणि तळमजल्याचं स्वयंपाकघर वापरायचा हक्क, आणि तो दस्तातच लिहिलेला. पास्टरांना हे लागलं. "मंडळी आपल्याला बाहेर काढेल का?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही काढणार."

मंडळीला दान स्वीकारायचं तर आमची संस्था १८६०च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली, तेव्हा सभासदांची यादी आणि ठराव हवा. यादी करायला मी सभासदांची जुनी वही उघडली. पहिल्या पानावर नऊ नावं. पहिलं पास्टरांचं. सिस्टरबाईंचं नाव नव्हतं. दुसऱ्या पानावर नव्हतं, तिसऱ्यावर नव्हतं. कारण शोधायला मला आठवडा लागला, आणि ते अगदी साधं होतं. वहीत पास्टरांनी ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांची नावं चढत गेली. सिस्टरबाईंचा बाप्तिस्मा आधीचा, दुसऱ्याच्या हातचा. दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्याचं पत्र लागतं, ते आणायचं कुणाला सुचलं नाही. म्हणजे वार्षिक सभांमध्ये ज्यांनी चहा केला, त्यांना त्या सभांमध्ये एकदाही मत नव्हतं. आणि एवढ्या वर्षांत त्यांचं मत मोजायची वेळ आली नाही, म्हणून हे कुणाला कळलंही नाही. मला त्याची लाज वाटली, आणि पास्टरांचा राग आला. दोन्ही अजून पुरते गेलेले नाहीत.

पास्टरांचं म्हणणं पडलं की हाताने नाव लिहून टाकू, विषय संपेल. यावेळी डीकन अडले. सभासदत्व पास्टर देत नाही, मंडळी देते. बाप्तिस्म्याने, पत्राने, नाहीतर विश्वासाच्या साक्षीने, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सभेपुढे बोलून. ज्या फिरत्या पाळकाने बाप्तिस्मा दिला तो हयात नव्हता. पत्र शक्य नव्हतं. राहिली साक्ष.

तेव्हा सिस्टरबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, इतर कुठल्याही उमेदवारासारख्या पुढे उभ्या राहिल्या. शब्बाथशाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं समोर. त्या मंडळीबद्दल काही बोलल्याच नाहीत. वडिलांबद्दल बोलल्या. बोगमाळोला पाण्यातून वर आल्यावर किनाऱ्याकडे बघितलं, ते आलेत का म्हणून. मग पुढच्या वर्षी मिरजेला गेल्यावर वडिलांनी विचारलं, पाणी थंड होतं का? एवढंच विचारलं. रिवाजाप्रमाणे मतदानाच्या वेळी उमेदवाराने बाहेर जायचं असतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. सगळे हात वर झाले, पास्टरांचा शेवटी, कारण ते चष्मा पुसत होते.

दस्त पुढच्या महिन्यात झाला. तोच कारकून. दोन सह्या, दोन अंगठे, दोन फोटो.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत एका डीकनने ठराव मांडला की हॉलला पास्टरांचं नाव द्यावं आणि दारावर संगमरवरी पाटी लावावी. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, विरोधात कोण? स्वयंपाकघराच्या दारातून सिस्टरबाईंनी हात वर केला. दुसऱ्या हातात गाळणी होती. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे : ठराव बहुमताने मंजूर, विरोधात एक.

पाटी अजून लागलेली नाही. पास्टर म्हणतात, आधी मंडळींना विचारतो.